निवड झालेली मुले : जिम्नॅस्टिकच्या शिक्षणाचा थोडा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले आणि चिटणीसबाईंचा निरोप आला, "बाई, तुम्ही चार पाने लिहाच." मी लेखिका नव्हे. तीस-बत्तीस वर्षे केळापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत खडू झिजवला, एवढेच माझे भांडवल. पाककृती व भरतकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून एक वेगळाच विषय घेते. लहान मुलांना शाळेतून निवडून, सरकारी खर्चाने दूर ठेवून, त्यांना मोठे खेळाडू बनवण्याची जी पद्धत आहे, तिचा हा थोडा इतिहास. त्यातही जिम्नॅस्टिकचा मुख्यत्वे, कारण या खेळात मुले सर्वांत लहान वयात उचलली जातात.

हा विषय सुचला तो असा. गेल्या महिन्यात आपल्याच मंडळाच्या एक सभासद दुपारी माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. हातात शाळेतून आलेला कागद होता. त्यांची नऊ वर्षांची मुलगी खेळाच्या निवड चाचणीसाठी जिल्ह्याला जायची आहे; निवड झाली तर पुढे राहण्या-जेवण्याचे व शिक्षणाचे सारे सरकार पाहणार. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "बाई, धाडू का नको?"

दुसऱ्या कोणी विचारले असते तर मी चटकन उत्तर दिले असते. पण या बाईंना उत्तर देताना माझी जीभ अडली. कारण १९९८ साली याच प्रश्नावर यांच्या आईला मी उत्तर दिले होते, आणि ज्या मुलीसाठी दिले ती मुलगी म्हणजे आज माझ्यासमोर बसलेल्या या बाई. पुढे जे लिहिते ते त्यांच्या संमतीने, त्यांचे नाव न घालता.

तेव्हा त्या चौथीत होत्या. पोडावरून चालत शाळेत येत. आपल्याकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, हे सर्वांना ठाऊकच आहे. ही मुलगी झाडावर चढायची ती माकडासारखी नव्हे, मांजरासारखी. आवाजच यायचा नाही. शाळेमागच्या विहिरीच्या कठड्यावरून ती डोळे मिटून चालत असे आणि माझ्या पोटात गोळा येत असे. एकदा निवड करणारे लोक तालुक्याला आले. त्यांनी मुलांची उंची मोजली, वजन केले, उड्या मारायला लावल्या, पाठीतून वाकवून पाहिले. शंभरेक मुलांतून तिघांची नावे निघाली. त्यांत ही एक.

तिची आई माझ्याकडे आली. घरची बोली कोलामी, माझ्याशी मात्र ती वऱ्हाडीत बोले. म्हणाली, "बाई, वापस येईन तं आमचीच राहीन ना?" मला हसू आले. मी म्हटले, "अगं, शाळेत चालली आहे, सासरी नव्हे. दोन वेळचे पोटभर जेवण, दूध, अंडी, शिक्षण. तुला आणखी काय हवे?" तिने अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. कागदावर काय लिहिले होते ते मी वाचले नाही. कारण त्या कागदाचा मलाच अभिमान वाटत होता.

ते केंद्र कोणते व योजना कोणती, हे मी मुद्दाम लिहीत नाही. कोणावर ठपका ठेवण्यासाठी हा लेख नाही. पुढे काय झाले ते सांगेनच. पण त्याआधी ही निवडीची पद्धत आली कोठून ते पाहू.

आपल्याकडे अंगाची कसरत नवी नाही. मल्लखांबाचे नाव निघाले की दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर आठवतात. त्या विद्येला त्यांनी पुन्हा उभारी दिली असे परंपरा सांगते. आपल्या विदर्भात १९१४ साली अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. विचार करा, देश पारतंत्र्यात, आणि वऱ्हाडातली मुले युरोपात आपला खेळ दाखवत आहेत! मी शिक्षिका झाल्यावर शारीरिक शिक्षणाच्या एका वर्गासाठी अमरावतीस गेले होते. तेव्हा त्या मैदानाच्या मातीवर पाय ठेवताना ऊर भरून आला होता.

आखाड्याची रीत अशी की जो येईल त्याला घ्यायचे. किडकिडीत, लठ्ठ, कोणीही या, लंगोट कसा आणि मातीत उतरा. शंभर यायचे, त्यांतले दोघे-तिघे नामांकित व्हायचे. पण उरलेल्या सत्त्याण्णवांच्याही छातीत बळ यायचे आणि संध्याकाळी ते आपल्या घरीच जेवायचे. सरकारी निवडीची रीत याच्या उलट आहे. तिथे आधी निवड, मग शिक्षण. शंभरांतून तिघांना घ्यायचे आणि त्या तिघांवर खर्च करायचा. पैसा थोडा असला की ही रीत शहाणपणाची वाटते. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप येते. ज्याला निवडले त्याला पुढे गाळताही येते.

ही रीत पद्धतशीरपणे प्रथम रूजली सोव्हिएत रशियात. तिसाव्या दशकापासून तिथे मुलांच्या क्रीडाशाळा निघाल्या; शाळा सुटली की मुले तिथे जायची, आणि सारा खर्च सरकारचा. १९५२ साली हेलसिंकीला सोव्हिएत संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला आणि जिम्नॅस्टिकमध्ये त्याने साऱ्यांना मागे टाकले. मग दुसरे देश त्या वाटेने निघाले. चीनने पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, शिचाहाई येथे १९५८ साली अशी शाळा काढली. पूर्व जर्मनी, रुमानिया यांनीही तेच केले. छोट्या देशाला जगात नाव मिळवायला सैन्य नको, कारखाने नकोत. दहा-बारा मुली पुरतात, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले.

येथे भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आरंभी या खेळात लहान मुली नव्हत्याच, बायका होत्या. लारिसा लातिनिना ही सोव्हिएत खेळाडू १९५६ साली एकवीस वर्षांची असताना ऑलिंपिकची सर्वश्रेष्ठ ठरली. १९५८ साली जागतिक स्पर्धेत ती उतरली तेव्हा पोटात चार महिन्यांचे मूल होते. तरी ती जिंकली. बाळंतपणानंतर १९६० साली रोमला पुन्हा जिंकली. तिची ऑलिंपिक पदके एकंदर अठरा. चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का १९६८ साली मेक्सिकोत जिंकली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिथेच तिने लग्नही केले. बाईचे भरलेले अंग या खेळाच्या आड येत नव्हते.

मग वारे बदलले. १९७२ साली म्युनिकला सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुटने जगाला वेड लावले. १९७६ साली माँट्रियलला रुमानियाची नादिया कोमानेची आली. वय वर्षे चौदा. वरखाली असलेल्या दोन बारांवर तिने अशी कसरत केली की परीक्षकांनी दहापैकी दहा गुण दिले. ऑलिंपिकमध्ये असे पूर्वी कधी झाले नव्हते. गुण दाखवणाऱ्या फलकाला दहाचा आकडा दाखवताच येईना, म्हणून तिथे १.०० एवढेच उमटले. तिच्या निवडीची कथाही सांगतात, की बेला कारोलीने शाळेच्या पटांगणात दोन मुली हातांवर चाकासारख्या फिरताना पाहिल्या, इतक्यात घंटा झाली, मुली वर्गात पळाल्या आणि तो वर्गावर्गात त्यांना शोधत हिंडला.

कथा गोड आहे. माझ्या विद्यार्थिनीला पाहून मलाही ती आठवली होती. पण तिचा पुढचा भाग तेव्हा मला ठाऊक नव्हता. रुमानियातील ती राजवट १९८९ साली कोसळली. पुढे गुप्त पोलिसांची दप्तरे उघडली, तेव्हा त्या मुलींना उपाशी ठेवणे, मारणे, दुखापतीवर खेळवणे यांच्या नोंदी त्यांत निघाल्या. नादिया स्वतः त्याच वर्षी, राजवट पडण्याच्या थोडे दिवस आधी, रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून देशाबाहेर पळून गेली होती. ज्या देशाने तिला डोक्यावर घेतले, तिथून तिला पळावे लागले.

सोव्हिएत संघाची येलेना मुखिना १९७८ साली जगज्जेती झाली. पुढे तिचा पाय मोडला. तो पुरता जुळण्याआधीच तिला सरावाला उभे केले, आणि १९८० च्या जुलैत, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, एका अवघड कोलांटउडीत ती मानेवर पडली. वय वीस. त्यानंतर २००६ साली मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणातून उठली नाही.

मुली लहान लहान होत चालल्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने वयाची अट वाढवली. पूर्वी चौदा होती. १९८१ पासून पंधरा, आणि १९९७ पासून सोळा. पण नियम आला की पळवाट येते. चीनची दोंग फांगशाओ २००० साली सिडनीत खेळली तेव्हा तिचे वय अटीपेक्षा कमी होते असे पुढे सिद्ध झाले आणि २०१० साली त्या संघाचे कांस्यपदक काढून घेतले गेले. पोरीने का स्वतःचे जन्मसाल बदलले असेल? दाखला मोठ्यांनी केला. नाव मात्र तिचे गेले.

हे सारे साम्यवादी देशांतच घडले असेही समजू नका. अमेरिकेत सरकार मुले निवडत नाही, तिथे आईबाप पैसे भरतात. तरी तिथल्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार केले. २०१८ साली न्यायालयात दीडशेहून अधिक मुली व स्त्रिया एकामागून एक उभ्या राहिल्या आणि बोलल्या. त्यांतल्या पुष्कळींनी लहानपणीच कोणा ना कोणा मोठ्या माणसाला सांगितले होते. ऐकले कोणी नव्हते.

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर सरकारने प्रथम प्रशिक्षक घडवण्याकडे लक्ष दिले. १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले आणि लगेच पुढच्या वर्षापासून आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची गुणवत्ता हेरण्याची योजना आली. महाराष्ट्रात १९९४ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचे संकुल उभे राहिले आणि १९९६ पासून राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. पुणे, नाशिक, कोल्हापूर, आपल्याकडे अमरावती, अकोला, नागपूर, गडचिरोली अशा ठिकाणी मुलांनी राहायचे, शाळा शिकायची, एका खेळात तयार व्हायचे. जिम्नॅस्टिक हाही त्यांतला एक खेळ. निवडीसाठी नऊ कसोट्या ठरवल्या: उंची, वजन, उभ्याने उंच उडी, उभ्याने लांब उडी, बसून पुढे वाकणे, जड चेंडू फेकणे, तीस मीटर वेगाची धाव, दहा मीटरांच्या सहा येरझाऱ्या आणि आठशे मीटर धाव. प्रत्येकीला गुण, आणि गुणांची बेरीज.

या योजनेमुळे गरिबांची मुले वर आली, हे मान्य केलेच पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याला २००९ साली वडिलांनी क्रीडा प्रबोधिनीत घातले. २०२४ साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. शेतकऱ्या-शिक्षकाच्या घरी बंदूक व गोळ्यांचा खर्च कोठून झेपला असता?

पण मोजपट्टी चुकते, हेही तिथलीच उदाहरणे सांगतात. साताऱ्याकडील सरडे गावचा प्रवीण जाधव मजुराचा मुलगा. धावण्यासाठी म्हणून क्रीडा प्रबोधिनीत आला, पण अंगात ताकद कमी, म्हणून परत पाठवायची वेळ आली. तेव्हा कोणीतरी त्याला आणखी एक संधी द्या म्हटले. नेम धरून चेंडू टाकण्याच्या परीक्षेत तो उतरला, आणि धावपटूचा धनुर्धर झाला. आपल्या अमरावतीच्या प्रबोधिनीत तो धनुष्य शिकला आणि टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. एक माणूस क्षणभर थांबला नसता तर हा मुलगा फलटणच्या बाजूला मजुरी करत राहिला असता.

जिम्नॅस्टिकमधले उदाहरण त्रिपुराच्या दीपा कर्माकरचे. सहाव्या वर्षी ती शिकू लागली. तिचे तळपाय सपाट होते. सपाट पायाने उडी नीट घेता येत नाही आणि उतरताना तोल जातो, म्हणून कोणत्याही कसोटीत ती गळायचीच. पण आगरतळ्यात बिश्वेश्वर नंदी यांनी तिला सोडले नाही. पायाला कमान यावी म्हणून वर्षानुवर्षे व्यायाम करून घेतले. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे जिम्नॅस्टिक होते; भारताची पहिली मुलगी तिथे पोहोचली ती दीपा, २०१६ साली, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. रिओत तिला १५.०६६ गुण मिळाले आणि पदक पंधरा शतांश गुणांनी हुकले. ती चौथी आली तेव्हा तेवीस वर्षांची होती.

आणि त्याच अंतिम फेरीत तिच्याबरोबर एक एक्केचाळीस वर्षांची बाई उडी मारत होती, उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना. २००२ साली तिच्या लहानग्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. उपचारासाठी ती जर्मनीस गेली आणि खेळाच्या कमाईवर मुलाला बरे केले. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिने सेहेचाळीसाव्या वर्षी उडी मारली. ते तिचे आठवे ऑलिंपिक. मैदानात प्रेक्षक नव्हते, तर इतर संघांतल्या, तिच्या मुलीच्या वयाच्या खेळाडू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

लातिनिना, चास्लाव्स्का, चुसोवितिना यांची नावे मी उगीच आणली नाहीत. सातव्या-आठव्या वर्षी अंग लवचीक असते, म्हणून तेव्हा शिकवणे योग्यच. पण बालपण संपायच्या आत फळ मिळालेच पाहिजे, ही घाई खेळाची नाही; ती खर्च करणाऱ्याची आहे. वार्षिक अहवालात पदक दाखवायचे असते. वाढत्या पोरीला तेवढी सवड नसते.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे परत येते. ती अडीच वर्षांनी परत आली. उंची भराभर वाढली होती आणि मनगटे दुखत होती. हातांवर सारे अंग तोलण्याने वाढत्या हाडाच्या टोकाला इजा होते, हे आज डॉक्टर सांगतात. तेव्हा आम्हाला ते कोण सांगणार? 'पुढील प्रशिक्षणास योग्य नाही' अशा अर्थाची एक ओळ लिहिलेला कागद तिच्या पेटीत होता. तो तिच्या आईला मीच वाचून दाखवला.

पोर घरी आली, पण झाडावर चढेना. वर्गात तिच्या बरोबरीच्या मुली अपूर्णांकांच्या पुढे गेल्या होत्या, आणि हिला गुणाकार अडत होता. सकाळ-संध्याकाळच्या सरावातून तिला अभ्यासाचे त्राण उरत नव्हते. पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली, दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पोरगी आर्धीच भाकर खाते. आर्धी ठेवून देते. काऊन?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पोटभर जेवणाची हमी मीच दिली होती. वजन वाढू नये म्हणून ताटातले अर्धे बाजूला सारायची सवय पोरीच्या हाडीमाशी खिळली होती. अतिश्रम आणि अर्धपोट यांमुळे मुली उशिरा वयात येतात, हाडे ठिसूळ राहतात, हेही मला फार पुढे कळले.

मी तिचा अभ्यास थोडा घेतला. मग माझी बदली झाली. तिने खोळंबत का होईना, दहावी केली. लग्न झाले, संसार झाला, आज त्या आपल्या मंडळाच्या बचत गटाचा हिशेब एका पैशाची चूक न करता ठेवतात. गेल्या महिन्यात मी धीर करून त्यांना विचारले, "तुला माझा राग येतो का ग?" त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "गेली त्याचं दुख नाई मले, बाई. तिथं मी बारावर झुलली, तसं सुख पुन्हा नाई भेटलं. पण वापस आली तवा कोनंच काही इचारलं नाई. त्याचं दुख हाय."

भगिनींनो, या लेखाचे सार मला वाटते त्या एका वाक्यात आहे. निवडीच्या दिवशी हार असतात, फोटो असतात, सरपंच येतात. परतीच्या दिवशी मूल एकटेच एसटीतून उतरते. निवडलेल्या शंभरांतले नव्वदाहून अधिक कधी ना कधी असे परत येणारच. खेळाचा तो स्वभाव आहे आणि त्यात लाज कसली? पण जी व्यवस्था मुलाला नेण्याची तयारी करते, तिने परत आणण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. आणि तिने ठेवली नाही, तर गावाने ठेवली पाहिजे.

मग मुली पाठवूच नयेत काय? असे मी म्हणणार नाही. आपल्या पोडावरची मुलगी घरी राहिली तर तिला गादी, बार, बीम हे पाहायलाही मिळणार नाही. बीम म्हणजे पाच मीटर लांब आणि अवघी दहा सेंटिमीटर रुंद, अर्ध्या वितीएवढीही नसलेली तुळई. तिच्यावर मुली कोलांट्या घेतात. असली साधने पुण्या-मुंबईला, ठाण्याला आहेत, म्हणून नावेही बहुधा तिकडच्याच मुलींची निघतात. आपल्या मुलींच्या अंगात काही कमी आहे म्हणून नव्हे. दार उघडले असताना भीतीपोटी ते आपणच लावून घ्यावे, हेही बरे नव्हे.

पण दारातून आत जाताना काही विचारावे, आणि ते विचारण्याचा आईला पुरा हक्क आहे. मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई माणूस कोण असते? शिकवणारे पुरुष असतील तर सोबत बाई असते का? जेवण किती, आणि वजनावरून ताट कमी करतात का? दुखले तर डॉक्टर कोण, आणि घरी केव्हा कळवतात? शाळेचे तास बुडतात का, बुडाले तर कोण भरून काढते? पोरीला आठवड्यातून एकदा एकटीने, कोणी जवळ उभे नसताना, आईशी फोनवर बोलता येते का? आणि शेवटचे, जे मी विचारले नाही : परत पाठवायची वेळ आली तर कशी पाठवाल, आणि त्यानंतर तिचे काय? जिथे या प्रश्नांचा राग येत नाही, तिथे मूल ठेवायला हरकत नाही, असे मी समजते.

मंडळापुढेही एक सूचना ठेवते. आपण एक वही करावी. आपल्या गावातून, आसपासच्या पोडांतून जे मूल खेळासाठी बाहेर जाईल, त्याचे नाव, तारीख व ठिकाण तीत लिहावे. दर तीन महिन्यांनी मंडळाच्या दोन भगिनींनी जाऊन त्याला भेटून यावे. खर्च वर्गणीतून निघेल. आणि मूल परत आले की, जिंकून येवो वा गळून येवो, नवरात्रात आपण देवीच्या देवळाजवळ मुलींची ओटी भरतो तशी त्याची ओटी भरावी आणि "कसे होते, सांग" असे म्हणून त्याला बोलू द्यावे. जमल्यास मंडळाच्या खोलीत रविवारी जाड गाद्या टाकून येईल त्या मुलीला कोलांट्या शिकवाव्यात. तिथे कोणाची निवड नको. आखाड्याची जुनी रीत अजून मोडीत निघालेली नाही.

ओसरीवरच्या त्या प्रश्नाला मी अजून 'होय' किंवा 'नाही' म्हटलेले नाही. ते म्हणण्याचा अधिकार माझा नाही, हे कळायला मला एवढी वर्षे लागली. मुलीला विचारले तर ती अंगणातल्या ओट्यावरून उडी मारून दाखवते आणि "मले जायचं हाय" म्हणते. आईने अजून ठरवलेले नाही. चाचणीच्या दिवशी मात्र मी त्यांच्यासोबत मैदानावर जाणार आहे. चष्मा नेणार आहे. या खेपेस सही करायची झाली तर कागद आधी मोठ्याने वाचणार आहे, आईला आणि मुलीला, दोघींना ऐकू जाईल असा.

लिहिण्यात चूकभूल झाली असेल ती भगिनींनी पोटात घालावी. वहीसाठी ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे द्यावे. पहिले नाव माझे लिहून घेतले आहे.